एक खोली, चार ड्रम

नदीकाठी राहायचं म्हटलं की जगभर भाडं चढतं. लंडनमध्ये खिडकीतून थेम्स दिसत असेल, तर त्या दिसण्याचे पैसे वेगळे. पुण्यात ज्या मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात, तिच्याच काठच्या इमारतींच्या जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' ठळक अक्षरांत असतो. छापील कागदाला वास येत नाही ही मोठी सोय आहे. आता जालन्याकडे या. कुंडलिका शहराच्या मधून जाते, एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा. 2011 च्या जनगणनेत 2,85,577 माणसं, 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका, म्हणजे नदीकाठचं छोटं शहर म्हणून जे काही लागतं ते कागदोपत्री सगळं आहे. तरीही इथं सिंगल रूम शोधायला आलेला एकही माणूस 'नदीच्या बाजूची आहे का?' असं विचारत नाही. विचारलंच, तर नदीच्या बाजूची नको म्हणून विचारतो. (नेटवर 'कुंडलिका नदीकाठी मुक्काम' असं शोधलं, तर रायगड जिल्ह्यातली दुसरीच कुंडलिका येते, कोलाडला लोक तिच्यात हेल्मेट घालून रबरी होडीतून घसरतात. नावं सारखी असली म्हणून नशीब सारखं नसतं.) जालन्यातला भावी भाडेकरू जिना चढता चढता प्रश्न टाकतो तो एकच, 'पाण्याचं कसंय?' आणि मालकाचं उत्तर ठरलेलं, 'पाण्याचं टेन्शन नाही.' माझं म्हणणं असं आहे की सगळा व्यवहार या दोन वाक्यांतच होतो. जालन्यात भाड्याने दिला जातो तो गच्चीवरच्या टाकीतला हिस्सा. भिंती, दार, पंखा आणि कोनाडा हे त्या हिश्श्यासोबत वरकड म्हणून येतात.

हे आजचं नाही. या शहराने आपल्या नदीवर विसंबून राहण्याचा हट्ट फार पूर्वीच सोडला. जुन्या गॅझेटियरमध्ये जमशेद खानाने बांधलेल्या मोती तलावाची हकीगत आहे. तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी गावातल्या हौदांत खेळवलं होतं. वैभवाच्या काळात गावाला पाच तलाव होते अशीही नोंद सापडते. अकबराच्या दरबारातला अबुल फजल काही काळ इथं राहिल्याचं सांगतात. त्याला डिपॉझिट पडलं की नाही हे इतिहासकारांनी लिहून ठेवलेलं नाही, पण हौद कुठल्या बाजूला आहे हे त्याने विचारलं नसेल असं मानणं कठीण आहे. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. तिथलं पाणी उतारानेच शहरात येतं, त्याला विजेचा खर्च नाही, आणि अलीकडच्या काळात त्यातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला. 2012-13 च्या दुष्काळात जालना राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. शहरासाठी थेट पैठणच्या जायकवाडीतून अंबडमार्गे जलवाहिनी आणावी लागली. याचा अर्थ असा की कुंडलिकेच्या काठी खोली घेणारा माणूस प्रत्यक्षात गोदावरी पितो. त्याचा 'रिव्हर व्ह्यू' नळाच्या तोंडाशी असतो, आणि तोही नळ येईल तेव्हाच.

नळ येईल तेव्हा, इथे खरी गोम आहे. रोज चोवीस तास नळ ही गोष्ट मराठवाड्यात नळाच्या तोटीच्या जाहिरातीतच दिसते. शहर नियोजनाच्या पुस्तकात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. नळ पाच दिवसांनी येतो असं समजा, तर एका माणसाला एका खेपेत 675 लिटर साठवायला हवं. बाजारात मिळणारा निळा ड्रम 200 लिटरचा, म्हणजे चार ड्रम. आता राष्ट्रीय इमारत संहिता काढा. घरात एकच राहती खोली असेल तर ती 9.5 चौरस मीटरपेक्षा लहान नसावी, असं ती सांगते. आपल्या भाषेत शंभर-सव्वाशे चौरस फुटांतला पहिला आकडा. चार ड्रम ओळीने मांडले तर साधारण दीड चौरस मीटर जागा खातात, खोलीचा जवळपास सहावा हिस्सा. मालक भाडं पूर्ण खोलीचं घेतो. पण त्याहून मोठा पुरावा वजनाचा आहे. भरलेल्या ड्रमांतलं पाणी 675 किलो. भाडेकरू पासष्ट-सत्तर किलोचा, त्याची कॉट, गॅसची शेगडी, ट्रंक आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळी मिळून आणखी दीडशे धरा. तराजू लावला तर या खोलीत मुक्काम कुणाचा आहे आणि कोण नुसतं कोपऱ्यात पडून आहे, हे लगेच कळतं. माणूस सकाळी कामाला जातो, सुटीला गावी जातो, परीक्षेला पुण्याला जातो. पाणी मात्र खोली सोडत नाही. भाडं नियमित राहणाऱ्यावरून ठरावं हे तत्त्व मान्य असेल, तर ते पाण्यावरूनच ठरायला हवं.

एवढी मोठी साठवण प्रत्येक खोलीत परवडत नाही म्हणून गच्चीवर काळी टाकी येते आणि तिच्याबरोबर राजकारण येतं. हजार लिटरची टाकी आणि खाली पाच खोल्या, म्हणजे माणशी एक ड्रम. इथून पुढे घरमालकाचे जे जे नियम बाहेरच्या माणसाला विक्षिप्त वाटतात, ते एकेक करून समजू लागतात. 'पाहुणे चालणार नाहीत' हा नियम नीतीचा आहे असं भाडेकरूला वाटतं. तो अंकगणिताचा आहे. गावाकडून आलेला मावसभाऊ दोन दिवस राहिला की त्याने दोनशे सत्तर लिटरची सोय पाहिली पाहिजे, आणि गावाकडचा माणूस शहरात आला की आंघोळ मनापासून करतो. मोटरसायकल अंगणात धुवायची नाही, चादरी धुवायच्या तर नळाच्या दिवशी, कूलर लावायचा तर त्याचं पाणी जारचं. या सगळ्याच्या मुळाशी एकच वही आहे. अटॅच्ड बाथरूमचंही तसंच. बाहेरचे लोक समजतात की संडास-बाथरूम कॉमन ठेवणं ही मालकाची काटकसर आहे, विटा-फरशा वाचवायच्या म्हणून. अहो, कॉमन बाथरूम हे जालन्यातलं सर्वांत स्वस्त पाण्याचं मीटर आहे. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून दोन माणसं उभी असली की आतल्याची आंघोळ आपोआप एका बादलीत होते. दार आतल्या बाजूला गेलं की तो माणूस किती वेळ गातो याला साक्षीदार राहत नाही. म्हणूनच अटॅच्ड बाथरूमच्या खोलीचं भाडं इतकं वर जातं. त्यात चार फूट फरशीचे पैसे थोडे आणि न मोजल्या जाणाऱ्या बादल्यांचे फार असतात.

इथे विचारी वाचक मला अडवील, आणि त्याची हरकत वजनदार आहे. पाणी हाच जर निकष असेल तर घरमालकाने एकट्या मुलाला डोक्यावर घेतलं पाहिजे. तो एक माणूस, तो कपडे शनिवारपर्यंत साठवतो, थंडीत आंघोळीबाबत त्याची मतं लवचीक असतात, जेवण मेसमध्ये. उलट कुटुंब म्हणजे भांडी, धुणं, लहान पोर, फरशी पुसणं. तरी पाटीवर काय असतं? 'फक्त फॅमिलीसाठी.' मग पाण्याचा सिद्धांत बुडाला की नाही? नाही बुडाला, पाणी साठवणं म्हणजे फक्त कमी वापरणं, अशी समजूत करून घेतली तरच बुडतो. नळ कधी येणार हे महानगरपालिका सांगते, आणि नळ त्याच्या मनाप्रमाणे येतो. दुपारी अडीचला, पहाटे चारला, लग्नाच्या दिवशी. तेव्हा घरात कुणीतरी असावं लागतं, मोटर लावणारं, टाकी भरली की बंद करणारं, शेजारच्या काकूंना 'नळ आला हो' म्हणून हाक मारणारं. एकटा मुलगा तेव्हा एमआयडीसीत किंवा अभ्यासिकेत असतो. त्याहून वाईट म्हणजे आदल्या रात्री कोरडा नळ फिरवून पाहिल्यावर तो उघडाच टाकून गेलेला असतो. पाच दिवसांचं पाणी जिन्यावरून धबधब्यासारखं उतरताना ज्या घरमालकाने एकदा पाहिलं, तो पुढची वीस वर्षं फॅमिलीच शोधतो. कुटुंब जास्त पाणी वापरतं खरं, पण ते पाणी मिळवून देतं. अपवाद पाहिला तर तोही हेच सांगतो. स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये काम करणारे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे कामगार एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात, आणि त्यांना खोली देताना पाळ्यांचा विचार मालकाच्या मनात असतोच. एक पहिल्या पाळीला, एक रात्रपाळीला, म्हणजे खोलीत दिवसभर कुणीतरी झोपलेलं. नळाच्या आवाजाने उठणारा माणूस घरात असणं, हे एका डिपॉझिटच्या बरोबरीचं आहे.

दुसरी हरकत कायदेवाल्यांची. ते म्हणतील, भाडं टाकीवरून नाही, करारावरून ठरतं. करार बघूच. पूर्वी मराठवाड्याला 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता. तो, मुंबईचा 1947 चा आणि विदर्भातला जुना हुकूम असे तिन्ही बाजूला सारून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. लेखी करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या, उलट सिद्ध होईपर्यंत. हे कलम वाचलेला घरमालक दुर्मीळ, आणि वाचलेला भाडेकरू त्याहून दुर्मीळ. दोघेही नोटरीकडचा कागद आणि अकरा महिने यांवर श्रद्धा ठेवून असतात. अकरा महिने कुठून आले? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून बारावा महिना कापला. 1999 च्या कायद्याने ती पळवाट महाराष्ट्रात बुजवली, तरी अकरा महिने चालूच. याचं कारण मला वेगळं दिसतं. बदल्या आणि शाळा-कॉलेजं यांमुळे खोल्या भरतात जूनमध्ये. जूनपासून अकरा मोजा, मुदत संपते एप्रिलअखेर. मराठवाड्यात टाकीला तळ दिसू लागतो तो नेमका तेव्हा. योगायोग म्हणा हवं तर, पण घरमालकाला आवडेल असाच आहे. आणि त्याच कायद्याचं कलम 29 पाहा. मालकाने भाडेकरूची अत्यावश्यक सोय तोडू नये असं ते सांगतं, आणि सोयी मोजताना सुरुवात पाण्यापासून करतं. वीज, जिन्यावरचा दिवा, लिफ्ट हे नंतर. कायदा करणाऱ्यांनाही कशाचं भाडं घेतलं जातंय याची कल्पना होती. फक्त मालकाने पाणी तोडलं तर कायद्यात तोड आहे. नळच आला नाही तर कुणावर दावा लावायचा, याबद्दल ते कलम गप्प आहे.

तिसरी हरकत हसण्यावारी नेता येत नाही. पाण्याचा प्रश्न विचारण्याआधी घरमालक आणखी एक प्रश्न विचारतो, 'आडनाव काय?' कधी तो 'गाव कोणतं, कुणाकडचे तुम्ही?' असा वळसा घालून येतो, कधी 'नॉनव्हेज चालत नाही बरं का' असा स्वयंपाकघरातून. खोली आहे म्हणून फोनवर सांगितलेली, आडनाव कळल्यावर 'कालच गेली हो' होते. हे सगळं लिटरमध्ये कसं बसवणार? हरकत घेणारा म्हणेल की हा जातीचा आणि धर्माचा मामला आहे, त्याला पाण्याची झूल घालू नका. बरोबर. पण पाणी आणि जात यांना महाराष्ट्रात वेगळं काढता येतं हा समज मला पटत नाही. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर जे झालं ते ओंजळभर पाण्यासाठीच झालं. आधी गावात पाणवठे वेगळे होते. आता एकाच गच्चीवर एकच टाकी आहे, तिच्यातून मालकाच्या देवघराचा तांब्याही भरतो आणि भाडेकरूची बादलीही. आडनाव विचारणाऱ्याला सिमेंटच्या भिंतीची काळजी नसते, भिंत कुणालाही टेकू देते. त्याला काळजी त्या एका टाकीची असते, हे त्याने स्वतःशीही कबूल केलेलं नसतं. तेव्हा हा मुद्दा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. त्याने माझं म्हणणं बळकट होतं, एवढंच की त्याचा आनंद होत नाही.

सरकारचा हिशेब अर्थात निराळा. घरभाडे भत्त्यासाठी शहरं लोकसंख्येवरून एक्स, वाय आणि झेड अशी लावलेली आहेत. पाच लाखांच्या खालचं जालना शेवटच्या अक्षरात येतं. डोकी कमी तर भाडं कमी, असा त्यामागचा तर्क. पाणी कमी तर भाडं किती, हा रकाना तक्त्यात नाही. गंमत जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची होते. त्याने शाळेच्या गावी राहावं, आणि राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडावा, असं 2019 चा शासन निर्णय सांगतो. त्यामुळे अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन तालुक्यांतल्या कित्येक खेड्यांत कागदावर एकेक खोली अशी आहे की जिच्यात कुणी राहत नाही, आणि तिला पाणीही लागत नाही. आदर्श भाडेकरू म्हणतात तो हाच. प्रत्यक्षात गुरुजी जालन्यातून अपडाऊन करतात, कारण त्या गावात मार्चपासून टँकर येतो आणि टँकरपुढे रांगेत उभं राहून शिकवायला वेळ उरत नाही. मात्र जालन्यातले काही साहेब साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरातून अपडाऊन करतात, आणि तिथल्या नळाची कीर्ती जालन्याच्या नळाला खाली मान घालायला लावील अशी आहे. हे माझ्या सिद्धांतात बसत नाही. माणसं मुलांच्या शाळेसाठी, बायकोच्या नोकरीसाठी आणि रविवारच्या मॉलसाठीही घर निवडतात, हे मान्य करून पुढे जावं लागतं. सिंगल रूमवाल्यांना मात्र यातलं काही नसतं, म्हणून त्यांच्या बाबतीत नियम शुद्ध स्वरूपात दिसतो.

आता नव्या दिवसांचे वकील. समृद्धी महामार्ग झाला, मुंबईला वंदे भारत सुरू झाली, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र इथं आलं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. अशा शहरात बिल्डर सिंगल रूमला ओटा, काचेचं दार आणि बाल्कनीचा एक फळकुटाएवढा तुकडा लावून तिला स्टुडिओ अपार्टमेंट म्हणून देणारच, आणि तेव्हा टाकीची भाषा जुनी ठरेल, असं ते सांगतात. जालन्याला 'सोने का पालना' म्हणायची जुनी रीत आहे, आणि पाळणा म्हणजे तसा मूळचा स्टुडिओच; झोपणं, जेवणं, रडणं सगळं एकाच जागी, आणि पाण्याची व्यवस्था दुसऱ्याने पाहायची. पण पाळण्यातल्याला ती व्यवस्था दिसत नाही एवढ्यावरून ती नसते असं होत नाही. नव्या इमारतीत टाकी गच्चीवरून तळमजल्याखाली जाते, बोअर खोल जातो, आणि खाली काळा पाषाण आहे, ज्याच्या भेगांत असेल तेवढंच पाणी. भेगा भाड्याच्या पावतीने रुंद होत नाहीत. मग सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये 'टँकर' नावाची ओळ उगवते, आणि स्टुडिओवाला सिंगल रूमवाल्याच्याच रांगेत येऊन उभा राहतो, फक्त लिफ्टने उतरून.

कुंडलिकेचं काय, असं कुणी विचारील. नदीकाठचं शहर म्हणता आणि नदीचा भाड्याशी संबंधच नाही म्हणता? आहे, वर्षातून काही रात्री. पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली म्हणून खूश झालेल्या भाडेकरूने त्या रेषा कुठून जातात हे पाहून घ्यावं. वर्षभर जे पाणी विकत घेतलं, भरलं, झाकून ठेवलं, ते सप्टेंबरच्या एखाद्या रात्री दाराखालून फुकट आत येतं, आणि त्या रात्री ड्रम पहिल्यांदा जागचे हलतात. घरमालक तेव्हा वरून विचारतो, 'काही नुकसान नाही ना?', आणि त्याच्या मनात मोटरच असते.

शेवटची शंका आशावाद्यांची आहे, आणि ती मी गंभीरपणे घेतो. समजा जलवाहिन्या झाल्या, गळती थांबली, नळ रोज आला, चोवीस तास आला. मग सिंगल रूमचं भाडं उतरेल का? टाकीची टंचाई संपली म्हणजे टाकीचा भाव पडला पाहिजे. अर्थशास्त्र असंच सांगतं. पण अर्थशास्त्राने जालन्यातले घरमालक पाहिलेले नाहीत. चारही ड्रम बाहेर गेले की खोलीत पंधरा-सोळा चौरस फूट मोकळे होतील. तिथे दुसरी कॉट बसते, हे मालकाने आत्ताच मोजून ठेवलेलं आहे.